पापडामागचे हात आणि छायाचित्र

साहित्याच्या प्राध्यापकाने या स्मृतिव्याख्यानात छायाचित्रांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु शब्दांप्रमाणेच चित्रही काही सांगते आणि काही झाकते.

१९५९ साली मुंबईच्या गिरगावात ७ गुजराती भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यांतूनच ‘लिज्जत’चा देशव्यापी व्यवसाय उभा राहिला. संस्थापक-भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. व्यवसाय एवढा वाढला, तरी लाटणे हातीच राहिले. केंद्रावर पीठ मळले जाते. भगिनी ते घरी नेतात, पापड लाटून वाळवितात आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर वजन करून देतात. दुकानातील पाकिटावरून हे श्रम दिसत नाहीत. ते दाखविण्याचे काम छायाचित्र करू शकते.

ते कसे? समोरून फ्लॅश टाकला, तर पापड म्हणजे नुसती पांढरी चकती दिसते. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात मिऱ्यांचे कण आणि पापडाची पातळ कड उठून दिसते. १/५०० सेकंदात लाटणे जागीच थिजते, काम थांबल्यासारखे भासते. १/१५ सेकंदात ते किंचित पुसट होते आणि मनगटाची गती जाणवते. शिवाय एक चित्र पुरत नाही. लाटी, पोळपाट, वाळवण, तराजू आणि हाती पडणारी मजुरी, असा क्रम हवा. शेवटची दोन चित्रे वगळली, तर श्रमाचा केवळ देखावा उरतो.

माझी स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. येथे बडोद्यातच एका लहान कारखान्यात मी अशी चित्रे काढली. ती पाहून लाटणाऱ्या एक बाई म्हणाल्या, “काका, हात माझेच आहेत, पण मी कुठं आहे?” मी निरुत्तर झालो. हातांच्या सौंदर्यात गुंतून मी माणूस चौकटीबाहेर ठेवला होता. तेव्हापासून मी आधी अनुमती घेतो, चेहरा व नाव ज्याच्या त्याच्या इच्छेनुसार नोंदवितो आणि चित्राची एक प्रत घरपोच करतो.

आपल्यापैकी कित्येकांची शाळेची फी आई-आजीने पापड लाटून भरली असेल. त्यांचे पोळपाटापाशी बसलेले एक तरी छायाचित्र आपल्या घरी आहे काय? नसेल, आणि त्या हयात असतील, तर येत्या सुट्टीत ते अवश्य काढावे, आणि मागे त्यांचे नाव लिहावे.