ख्रिस्ती विवाह आणि घटस्फोट : धर्मसभेचा नियम, न्यायालयाचा निकाल

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. परंतु त्यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही परंपरांची कुटुंबे आहेत. संसार मोडण्याची वेळ आली, की या कुटुंबांपुढे दोन स्वतंत्र दारे उभी राहतात. एक धर्मसभेचे, दुसरे न्यायालयाचे. एका दाराने सुटका झाली म्हणजे दुसऱ्यानेही झाली, असे समजणाऱ्याची फसगत होते आणि ती बहुधा पुनर्विवाहाच्या वेळीच उघडकीस येते.

शास्त्राचा आधार

मोशेच्या नियमशास्त्रात पुरुषाला सूटपत्र देऊन पत्नीस दूर करण्याची मुभा होती. ही मुभा माणसाच्या कठोर अंतःकरणामुळे मिळाली, मूळ ईश्वरी योजना तशी नव्हती, असे येशूने शिकवले. मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत घटस्फोटाचा निषेध निरपवाद आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र व्यभिचाराचा अपवाद आढळतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने आणखी एका प्रसंगाचा विचार केला आहे : विश्वास न ठेवणारा जोडीदार आपणहून सोडून गेला, तर मागे राहिलेला बांधलेला नाही. पुढील शतकांतील बरेचसे मतभेद याच वचनांच्या अर्थावरून झाले.

परंपरांतील भेद

कॅथलिक धर्मसभा विवाहाला साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार मानते. दोन बाप्तिस्माधारकांचा विधिवत झालेला आणि शरीरसंबंधाने पूर्ण झालेला विवाह मृत्यूवाचून कशानेही तुटत नाही, असे १९८३ची धर्मविधिसंहिता सांगते. मात्र विवाहाच्या वेळी संमती मोकळी नव्हती, फसवणूक झाली होती किंवा विवाहाचे दायित्व पेलण्याची मानसिक क्षमता नव्हती असे सिद्ध झाल्यास तो मुळातच झाला नव्हता, असे धर्मसभेचे न्यायाधिकरण घोषित करू शकते. याला घटस्फोट म्हणत नाहीत. अशा विवाहातील अपत्ये त्यामुळे अनौरस ठरत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ही प्रक्रिया सोपी केली. दुसऱ्या न्यायाधिकरणाने निर्णयावर शिक्कामोर्तब करण्याची सक्ती तेव्हा संपली. मराठवाड्यातील कॅथलिकांसाठी १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला.

मार्टिन ल्यूथर आणि त्यानंतरच्या सुधारकांनी विवाह पवित्र मानला, पण साक्रामेंत मानला नाही. व्यभिचार आणि परित्याग ही घटस्फोटाची कारणे त्यांनी मान्य केली. त्यामुळे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, पाळकांच्या विचारानंतर, पुनर्विवाहास वाट आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक निराळे रूपही दिसले. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला विवाहविच्छेद मागता यावा, यासाठी १८६६ साली कायदा झाला होता. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पण विवाह मोडला नाही. दोघे पुन्हा एकत्र आले आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

कायद्याची वाटचाल

१८६९च्या भारतीय घटस्फोट कायद्यात पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागासारखे दुसरे कारणही सिद्ध करावे लागे. नुसत्या मारहाणीवर तिची सुटका होत नसे. शिवाय नांदेड किंवा लातूरच्या जिल्हा न्यायालयाने दिलेला हुकूमनामा उच्च न्यायालयाने कायम करीपर्यंत अंतिम ठरत नसे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली यातील भेदभाव घटनाबाह्य ठरवला. २००१च्या दुरुस्तीने क्रूरता आणि दोन वर्षांचा परित्याग ही दोघांसाठी स्वतंत्र कारणे झाली, परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद आली आणि उच्च न्यायालयाच्या मंजुरीची अट गेली. परस्परसंमतीसाठी या कायद्यात दोन वर्षे विभक्त राहण्याची अट घातली गेली. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ती एका वर्षावर आणली.

धर्मसभेचा निर्णय न्यायालयीन हुकूमनाम्याची जागा घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आणि पुन्हा २०१७ साली स्पष्ट केले. केवळ धर्मसभेच्या घोषणेवर विसंबून दुसरा विवाह केल्यास द्विभार्या किंवा द्विपती विवाहाचा गुन्हा लागू शकतो. उलट, केवळ न्यायालयाचा घटस्फोट मिळालेल्या कॅथलिक व्यक्तीचा, पहिला जोडीदार हयात असताना, देवळात पुनर्विवाह लागत नाही.

बंधन अतूट मानणे म्हणजे अत्याचार सोसत राहणे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. जोडीदारापासून जिवाला, मनाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल, तर विभक्त राहण्याची मुभा कॅथलिक धर्मविधिसंहिताही देते. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे आणि त्याखाली संरक्षण मागण्यासाठी आधी घटस्फोट घ्यावा लागत नाही. घर सोडून माहेरी आलेल्या लेकीला परत पाठवण्यापूर्वी आईवडिलांनी आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.