पंचक्रोशीहून परतल्यावर पायांना गरम-गार पाणी

पंचक्रोशीची ११८ किलोमीटरची यात्रा करून आपली मंडळी परतली की पोटऱ्या आणि तळपाय ठणकू लागतात. (इथल्या पंचांगात हा वैशाख, आपल्या पंचांगात चैत्र वद्य, ऊन मात्र तेच!) अशा वेळी दोन बादल्या पुरतात. एकीत सोसेल इतके गरम पाणी, साधारण ३८ ते ४० अंश. दुसरीत बर्फ टाकलेले. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी गार समजू नये. पाय ३-४ मिनिटे गरम पाण्यात, १ मिनिट गार पाण्यात, असे ४ वेळा. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, गारव्याने आकसतात, ठणका उतरतो. दुखणे मुळापासून जाते, असे आम्ही म्हणणार नाही.

पाय मुरगळून सुजला असेल तर पहिले दोन दिवस गरम पाणी नकोच. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी १५ मिनिटे. फोड फुटले असतील तर दोन्ही बादल्या राहू द्या.

घरातल्या मधुमेही आजी-आजोबांसाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारा. तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर पाणी पोळते आहे हे त्यांना कळतच नाही. डॉक्टर हो म्हणाले, तरी पाणी दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून पाहावे.