विसरलेली वाइन मुरत नाही

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी लागली आणि २०२१ मध्ये उठली. मधली सहा वर्षं दुकानंच बंद, त्यामुळे मूलसारख्या गावात घरी वाइन जपून ठेवण्याची हौस तशी नवीच. कुणी नाशिकहून येताना दोन बाटल्या आणतं, कुणाचा पुण्याचा जावई दिवाळीला एखादी देतो. पहिल्या तीन-चार लक्षात राहतात. पुढच्या दिवाणात, गोदरेजच्या कपाटात, माळ्यावर जातात आणि विसरल्या जातात. त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नाही, कारण ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ ही समजूत मदतीला धावून येते.

ही समजूत मूठभर वाइनपुरतीच खरी आहे. जगात बनणारी बहुतेक वाइन बाजारात आल्यावर काही वर्षांत पिण्यासाठीच असते. नाशिककडची शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां एक-दोन वर्षांत संपवलेली बरी. लाल वाइन थोडी जास्त टिकते. ज्या खरोखर मुरतात त्यांना बारा-चौदा अंशांची स्थिर थंडी आणि अंधार लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि स्लॅबखालचा माळा रात्रीही निवत नाही. उष्णतेने आतला द्रव फुगतो, बूच सरकतं, हवा शिरते. फळाचा ताजा वास जाऊन शिजवलेल्या मनुक्यांची चव येते. त्यासाठी पाच-दहा वर्षं लागत नाहीत, मूलचा एक उन्हाळा पुरतो.

‘सील शाबूत आहे, मग माल शाबूत आहे’ हेही चुकीचं. उष्णता आणि उजेडाला सील अडवत नाही. ‘एक्स्पायरी छापलेली नाही, म्हणजे कायम टिकते’ हा त्याचाच भाऊ. दहा टक्के किंवा अधिक अल्कोहोल असलेल्या पेयांवर ती तारीख छापण्याची सक्ती नाही, एवढाच त्याचा अर्थ. लेबलवरचं साल द्राक्षांच्या तोडणीचं असतं. व्हिस्कीचं गणित वेगळं: ती लाकडी पिंपात मुरते, बाटलीत भरली की मुरणं थांबतं. बारा वर्षांची व्हिस्की कपाटात दहा वर्षं ठेवली तरी बारा वर्षांचीच राहते.

बिघडलेली वाइन विषारी होते, अशीही भीती असते. बंद बाटलीत बिघडलेली वाइन बेचव, आंबट होते. विषारी होत नाही. बेकायदा गाळलेल्या दारूतल्या मिथेनॉलने माणसं दगावतात, त्याच्याशी याचा संबंध नाही.

आता हिशेबाबद्दल. नोंद ठेवणं श्रीमंतांच्या तळघरांचं काम, असं वाटतं. उलट साठा लहान आणि चार ठिकाणी विखुरलेला असला की तो जास्त हरवतो. बाटल्या एका ओळीत ठेवा. मागची ओळ म्हणजे विस्मरणाची ओळ. जागा घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत, भिंतीतल्या कपाटात. स्वयंपाकघर आणि फ्रिजचा माथा, दोन्ही बाद. बुचाची बाटली आडवी, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. गळ्यात कागदी चिठ्ठी बांधून त्यावर आणल्याचा महिना आणि ‘कधीपर्यंत’ लिहा. तीच नोंद वहीत करा आणि बाटली उघडली की खोडा. अ‍ॅप आहेत, पण आठ बाटल्यांना किराण्याची वही पुरते. उन्हाळ्याआधी, फेब्रुवारीत एकदा मोजणी करा आणि जी पांढरी दोन वर्षांपुढे गेली असेल ती त्याच महिन्यात उघडा.

शेवटचा गैरसमज सर्वांत महाग पडणारा. ‘घरच्या बाटल्या आहेत, सोबत नेल्या तर काय बिघडलं?’ मूलहून सावली ओलांडून वैनगंगेच्या पुलापलीकडे गेलं की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती उठलेली नाही. डिकीत विसरून राहिलेली सीलबंद बाटलीसुद्धा तिथे गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकते. लग्नाला निघण्याआधी डिकी एकदा बघून घ्या.