वाळवंटाची धूळ आणि समुद्राचे लोह

२३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई व उत्तर कोकणावर धुळीचा पडदा पसरला. रस्त्यावर उभ्या मोटारींवर पांढुरका थर बसला, दूरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. हे वादळ पाकिस्तानच्या किनाऱ्याकडून अरबी समुद्रावरून आले होते. साहजिकच चर्चा झाली ती शहराच्या हवेची. वाटेत जी धूळ समुद्रात पडली तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. सागरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

जगातील समुद्रांत दरवर्षी सुमारे ४५ कोटी टन वाळवंटी धूळ पडते असा एक बहुमान्य अंदाज आहे. तीत मोठा वाटा सहाराचा. या धुळीकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणाऱ्या पहिल्या काही जणांत चार्ल्स डार्विन होता. जानेवारी १८३२ मध्ये ‘बीगल’ जहाज केप व्हर्द बेटांजवळ आले तेव्हा डोलकाठीच्या टोकावरील वातदर्शकाच्या जाळीदार कापडात अडकलेली तपकिरी धूळ त्याने पुडीत बांधून ठेवली. ही पुडी आणि भूवैज्ञानिक लायल याच्याकडून मिळालेल्या आणखी चार पुड्या त्याने बर्लिनच्या एरनबर्गकडे पाठवल्या. एरनबर्गला सूक्ष्मदर्शकाखाली तीत ६७ प्रकारचे सजीवांचे अवशेष आढळले, आणि त्यांतील बहुतेक गोड्या पाण्यातले होते. म्हणजे ही धूळ जमिनीवरून, कोरड्या पडलेल्या जलाशयांच्या तळातून उडाली होती. ती समुद्राला काय देते हे कळायला मात्र आणखी दीड शतक जावे लागले.

ती देते ते प्रामुख्याने लोह. फॉस्फरसही देते, पण लोहाची कथा अधिक विलक्षण आहे. पृथ्वीच्या कवचात लोह मुबलक आहे. किनाऱ्यापासून दूरच्या समुद्रात मात्र एक लिटर पृष्ठजलात ते ग्रॅमच्या काही अब्जांश भागांपुरतेच विरघळलेले असते. कारण ओळखीचे आहे. ज्या प्रक्रियेने खिळा गंजतो तिच्याच धर्तीवर ऑक्सिजनयुक्त पाण्यात लोहाचे अविद्राव्य संयुग बनते आणि ते तळाकडे जाते. आदिम समुद्रात ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, तेव्हा लोह पाण्यात भरपूर होते. त्या काळात सजीवांनी प्रकाशसंश्लेषणाची व नायट्रोजन स्थिरीकरणाची यंत्रणा लोहावर आधारून उभी केली. पुढे ऑक्सिजन वाढला, लोह आटले, पण गरज तशीच राहिली.

म्हणून धुळीत लोह असणे आणि ते सूक्ष्मजीवांना मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळवंटी धुळीत वजनाने सुमारे साडेतीन टक्के लोह असते. शंभर किलो धूळ समुद्रात पडली तर लोह आले साडेतीन किलो. परंतु त्यातील एक-दोन टक्केच विरघळते असे धरले तर हाती उरतात ३५ ते ७० ग्रॅम. हे प्रमाणही ठरलेले नाही. हवेत प्रवास करताना धुळीच्या कणांवर गंधकाम्ल वा नायट्रिक आम्ल बसले तर लोह अधिक सुटते. कारखान्यांचा धूर वाळवंटाच्या धुळीला अशा रीतीने ‘शिजवतो’, असे म्हणायला हरकत नाही.

लोहाची टंचाई इतका काळ लक्षात का आली नाही, याचे उत्तर गमतीचे आहे. मोजणारी जहाजे लोखंडाची होती. दोरखंड, नळ्या, जहाजाचा गंज यांतून नमुन्यात लोह मिसळे, आणि समुद्रात लोह पुरेसे आहे असा निष्कर्ष निघे. कॅलिफोर्नियातील जॉन मार्टिन याने अतिस्वच्छ पद्धतीने मोजमाप केले तेव्हा खरे चित्र दिसले. दक्षिण महासागर, विषुववृत्तीय पॅसिफिक व उत्तर पॅसिफिक येथे नायट्रेट भरपूर असूनही वनस्पती-प्लवक विरळ का, याचे उत्तर त्याने १९८८ च्या सुमारास ‘लोह नाही म्हणून’ असे दिले. अंटार्क्टिकाच्या बर्फाची साक्षही त्याच्या बाजूची होती: हिमयुगात हवेत धूळ जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी, दशलक्ष भागांत २८० ऐवजी १८० ते १९०. समुद्रात लोह टाकून आपण हिमयुग आणू शकू, असे तो अर्ध्या थट्टेने म्हणे. जून १९९३ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गॅलापागोसजवळ पहिला खुल्या समुद्रातील प्रयोग झाला, आणि १९९५ च्या दुसऱ्या प्रयोगात निळे पाणी खरोखर हिरवे झाले.

समुद्रातील सूक्ष्मजीव धूळ पडण्याची नुसती वाट पाहत बसत नाहीत. अनेक जीवाणू लोहाला पकडणारे सेंद्रिय रेणू पाण्यात सोडतात. त्यांना सिडरोफोर म्हणतात. ट्रायकोडेस्मियम हा नीलहरित जीवाणू तर याहून चतुर आहे. तांबड्या समुद्राच्या अकाबाच्या आखातातील त्याच्या वसाहती धुळीचे कण तंतूंवर पकडून गोळ्याच्या मध्यभागी सरकवतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. हवेतील नायट्रोजन स्थिर करणाऱ्या या जीवाला लोह फार लागते. त्याचे शास्त्रीय वर्णन १८३० मध्ये प्रथम कोणी केले? त्याच एरनबर्गने, सिनाईच्या किनाऱ्यावरील तूर येथे पाणी लाल झालेले पाहून. धूळ आणि जीव दोन्ही एकाच माणसाच्या सूक्ष्मदर्शकाखाली येऊन गेले, पण त्यांची गाठ तेव्हा कोणाला दिसली नाही.

धूळ सर्वांना पोषकच असते असेही नाही. तांबड्या समुद्रातील पाण्यावर केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आफ्रिकेकडून आलेल्या कणांतील तांब्याने काही सूक्ष्म प्लवकांची वाढ रोखली. अत्यंत निकृष्ट पाण्यात धुळीचा लाभ प्लवकांपेक्षा इतर जीवाणूंना अधिक होतो, आणि ते खाल्लेला कार्बन श्वसनाने परत सोडतात.

२००९ च्या आरंभी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेसह केलेला प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. नाव ‘लोहाफेक्स’, त्यातील ‘लोहा’ हा आपलाच शब्द. वजीह नक्वी व व्हिक्टर स्मेटाचेक यांच्या नेतृत्वाखाली ‘पोलारस्टर्न’ जहाजाने दक्षिण अटलांटिकमधील एका भोवऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्याला लोह दिले आणि ३९ दिवस निरीक्षण केले. भोवरा निवडला तो लोह दिलेले पाणी पांगू नये म्हणून. प्लवक वाढले, पण सिलिका अभावाने ज्यांची कवचे बनतात ते डायाटम वाढू शकले नाहीत. जे वाढले त्यांना लहान प्राण्यांनी फस्त केले. खोल समुद्रात कार्बन फारसा गेला नाही. सर्वांत तुटपुंजा घटक वाढीची मर्यादा ठरवतो हा लीबिगचा नियम शेतीच्या धड्यात सर्वांनी शिकवलेला असतो. लोहाची उणीव भरताच येथे सिलिकाची पुढे आली. समुद्रात लोह ओतून हवामानबदल थोपवू पाहणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे बोलके होते. वैज्ञानिक संशोधनाखेरीज असे खतपाणी होऊ देऊ नये, असा ठराव लंडन कराराच्या सदस्यांनी २००८ मध्येच केला होता.

अरबी समुद्र तर वाळवंटांनी वेढलेला. तेथे लोह कमी पडणार नाही असेच कोणीही म्हणेल. परंतु २०१० मध्ये नक्वी व सहकाऱ्यांनी दाखवले की नैऋत्य मोसमीच्या अखेरीस त्याच्या पश्चिम व मध्य भागात नायट्रेट उरते आणि प्लवक कमी असते, लोहटंचाईच्या प्रदेशासारखे. ओमान व सोमालियाच्या किनाऱ्याला खालून वर येणारे पाणी नायट्रेट भरपूर आणते, त्या मानाने लोह कमी. अरबस्तानातून ‘शमाल’ वारे धूळ आणतात खरे, पण ती बरीचशी पावसाळी वाऱ्याच्या थराच्या वरून पुढे निघून जाते.

येथे धूळ वाढली तर काय, याचे उत्तर सरळ नाही. जास्त प्लवक म्हणजे माशांना जास्त अन्न. पण मेलेले प्लवक खाली कुजताना ऑक्सिजन संपवते. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर आधीच इतका कमी ऑक्सिजन आहे की तेथील जीवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात, आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी प्रखर उष्णताधारक वायू बाहेर पडतो.