कुरोदाईचा गळ

जपानच्या सेतो अंतर्गत समुद्राच्या काठी, वसंतात, कातळावर उभ्या असलेल्या गरवणाऱ्यांकडे थोडा वेळ पाहत राहावं. गळ टाकण्यापेक्षा त्यांचा वेळ चारा टाकण्यातच जास्त जातो. लांब दांड्याच्या लहानशा पळीने ते चाऱ्याचा गोळा दाबतात आणि नेमक्या जागी भिरकावतात. एकदा, दोनदा, तीनदा. मग कुठे गळ पाण्यात पडतो.

हा सारा खटाटोप कुरोदाईसाठी. सी ब्रीमच्या कुळातला हा काळपट रुपेरी मासा. ओसाकाच्या बाजूला त्याला चिनू म्हणतात. दाढा इतक्या भक्कम की शिंपले, कालवं, खेकडे फोडून खातो, त्यामुळे कालवांची शेती करणारे त्याच्यावर वैतागलेले असतात. लहानपणी नर असलेले बरेच मासे मोठेपणी मादी होतात. 50 सेंटिमीटरच्या वर गेलेल्याला ‘तोशिनाशी’ म्हणायचं, म्हणजे ज्याच्या वयाचा हिशेबच राहिला नाही असा. वसंतात हे मोठे मासे अंडी घालण्यासाठी उथळ पाण्याकडे येतात, आणि कातळांवर गर्दी होते.

आमिष म्हणून अंटार्क्टिक समुद्रातलं क्रिल वापरतात. दिसायला कोळंबीसारखं, जवळ्याहून मोठं. 1970 च्या दशकापासून ते जपानमध्ये मुबलक मिळू लागलं आणि या मासेमारीचं रूपच पालटलं. हेच क्रिल चेचून त्यात कोंडा, मका, शिंपल्यांचा चुरा कालवला की चारा तयार.

काठी साधारण 5.3 मीटरची, वजनाला हलकी, शेंड्याकडे चांगली वाकणारी. फ्लोट लहानशा भोवऱ्याएवढा, मधोमध आरपार भोक असलेला. दोरा त्या भोकातून मोकळा सरकतो आणि वर बांधलेल्या दोऱ्याच्या गाठीपाशी फ्लोट अडतो. पाणी 7 मीटर खोल आणि काठी त्याहून आखूड. फ्लोट दोऱ्याला पक्का बांधला तर गळ फेकताच येणार नाही. म्हणून ही सरकती रचना. खाली बारीक शिशाचे मणी लावतात. ‘बी’ खुणेचा मणी जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या वर, तीन-बी सुमारे एक ग्रॅम. फ्लोटवरही तोच आकडा असतो, म्हणजे तो तेवढंच शिसं पेलून पाण्याबाहेर डोकं ठेवतो.

खरी विद्या यापुढे आहे. चारा आणि गळाचं आमिष खोल पाण्यात एकाच वेळी, एकाच जागी पोचायला हवं. हे ऐकायला सोपं वाटतं. पण वाऱ्याने वरचं पाणी एकीकडे सरकत असतं आणि खालचा प्रवाह दुसरीकडे जात असतो. फ्लोट वरच्या पाण्याबरोबर वाहत गेला की आमिष चाऱ्यापासून तुटतं. म्हणून शिसं थोडं वाढवायचं, म्हणजे खालच्या प्रवाहाला दोरा पकडता येतो. वाऱ्याने दोऱ्याला पोट आलं की काठी उंच धरून तो अलगद उचलायचा आणि वाऱ्याच्या बाजूला परत ठेवायचा, फ्लोटला धक्का न लावता. कोकणात खडपावर बसून गरवणारे शिसं तळाला टेकवून बोटावर दोरा धरतात. त्यांचा भर हाताला कळणाऱ्या ओढीवर. इथे सगळा भर पाणी वाचण्यावर आहे, आणि मला तरी हाच या प्रकाराचा मोठेपणा वाटतो. मासा दिसत नाही, तळ दिसत नाही. फ्लोटच्या चालीवरून खालचा समुद्र ओळखायचा.

आमिष परत आलं तरी ते काही सांगत असतं. लहान मासे ते सतत कुरतडून नेत असतात. फुगू मासे तर गळासकट दोरा कापतात. आणि एकदम क्रिल जसंच्या तसं वर येऊ लागलं, की जाणते गरवणारे सावध होतात. मोठा कुरोदाई जवळ आला असावा, म्हणून बारकी मंडळी पांगली.

गळ लागला की मासा थेट खडकांच्या कपारीकडे धावतो, आणि बारीक दोरा कातळाला घासला की संपलं. त्यासाठी रिळावर बोटाने दाबायचा ब्रेक असतो: बोट सैल केलं की दोरा सुटतो, काठी सरळ होण्याआधी सावरता येते. मासा आडवा होऊन वर आला की लांब दांड्याच्या जाळ्यात घ्यायचा. हे सगळं निसरड्या कातळावर, लाटांच्या तोंडाशी चालतं. तळाला लोखंडी खिळे असलेले बूट आणि लाइफ जॅकेट यांच्याशिवाय तिथे उतरूच नये.

काही ठिकाणी असा चारा टाकायलाच बंदी आहे. जिथे चालतं तिथेही निघण्याआधी बादलीने पाणी ओढून कातळ धुतात, कारण सांडलेला चारा उन्हात कुजतो. ही घाण आणि टाकून दिलेले दोरे यांपायी कित्येक धक्के गरवणाऱ्यांना कायमचे बंद झाले आहेत.