आनुवंशिक माहितीची मुक्त उपलब्धता, तंत्रिका-ऱ्हास विकारांतील

कंपवात, अल्झायमर यांसारख्या, तंत्रिका कोशिका (पेशी) हळूहळू नाश पावणाऱ्या विकारांच्या संशोधनात रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्या डीएनएविषयी जमलेली माहिती मूळ संशोधकांपुरती राखून न ठेवता इतर अभ्यासकांनाही वापरू देण्याची पद्धती. तिची गरज मुख्यतः संख्याशास्त्रीय आहे. क्वचित आढळणाऱ्या कुलागत प्रकारांत एकाच जनुकातील उत्परिवर्तन विकारास पुरेसे असते. बहुसंख्य रुग्णांत मात्र अनेक जनुकांचा प्रत्येकी अत्यल्प प्रभाव असतो व तो योगायोगापासून वेगळा ओळखण्यास हजारो नमुने लागतात. अमेरिकेत २००६ मध्ये कंपवाताचे २६७ रुग्ण व २७० निरोगी व्यक्ती यांच्या डीएनएतील चार लाखांहून अधिक स्थाने तपासण्यात आली. निर्णायक असे काही हाती लागले नाही. तथापि सर्व माहिती खुली केल्यामुळे ती इतरांच्या पाहण्यांत मिळविता आली. २०१९ मध्ये १७ माहितीसंचांच्या एकत्रित विश्लेषणातून कंपवाताशी निगडित ९० आनुवंशिक संकेत उघडकीस आले.

या खुलेपणाची मर्यादा जेम्स वॉटसन यांच्या उदाहरणाने स्पष्ट झाली. २००७ मध्ये त्यांनी आपला संपूर्ण जीनोम जाहीर करू दिला. फक्त एपीओई हे जनुक वगळण्यास सांगितले. या जनुकाच्या एका प्रकाराने अल्झायमरचा धोका वाढतो आणि वॉटसन यांच्या आजीला तो विकार झालेला होता. परंतु डीएनएवरील शेजारची रूपे बहुधा एकत्रच संक्रमित होतात (सहलग्नता). त्यामुळे लगतच्या माहितीवरून वगळलेला भागही अनुमानिता येतो, हे २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले. प्रत्यक्ष अनुमान त्यांनी जाहीर केले नाही. त्यानंतर जनुकाभोवतीचा सु. २० लक्ष क्षारकांचा भागही काढून टाकण्यात आला. एका जनुकापुरता पडदा अर्थातच अपुरा होता.

त्याच वर्षी असेही दिसून आले की, एखाद्या व्यक्तीचा डीएनए हाती असल्यास, अनेकांच्या एकत्रित आकड्यांवरूनही ती त्या गटात होती काय, हे ओळखता येते. गट रुग्णांचा असेल, तर तिचा विकारही उघड होतो. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी असे आकडे सार्वजनिक वापरातून मागे घेतले. २०१८ मध्ये संवेदनशील संच वगळता ते पुन्हा खुले झाले. व्यक्तिनिहाय माहिती मात्र सामान्यतः अर्ज व अटी यांनुसारच मिळते. संमती एकाची असली, तरी डीएनए भावंडे व अपत्ये यांच्याविषयीही सांगतो आणि त्यांची संमती सहसा कोणी विचारलेली नसते.