वळिवड्याचे पाहुणे

सोलापूरची किती तरी माणसं अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जातात. मिरज मागे पडली, की कोल्हापूरच्या अलीकडे वळिवडे नावाचं लहानसं स्टेशन लागतं. तिथं एके काळी सुमारे पाच हजार पोलिश माणसांची वसाहत होती, असं सांगितलं तर नवल वाटेल ना? पण तिची साक्ष कोल्हापूरच्या दफनभूमीतली पोलिश थडगी आजही देतात.

ही माणसं इथं आली कशी? सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून रशियाने पोलंड वाटून घेतला. १९४० पासून रशियाने लाखो पोलिशांना राहत्या घरांतून उचलून सैबेरियात व कझाकस्तानात धाडले. १९४१ साली जर्मनी रशियावरच उलटली, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. पुरुष नव्या पोलिश सैन्यात भरती झाले. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली. त्यांपैकी काहींना १९४३ पासून वळिवड्यात आसरा मिळाला. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, सारं तिथं उभं राहिलं. उपासमारीने आणि आजारांनी खंगलेली काही माणसं मात्र इथल्याच मातीत विसावली.

सैनिकाच्या थडग्याला वाली असतो. पुण्याजवळच्या खडकीची युद्धस्मशानभूमी पाहा. सारख्या मापाचे दगड, त्यांवर नाव आणि पलटण. देखभालीला स्वतंत्र आयोग. निर्वासिताच्या थडग्याला मात्र कुटुंबाचाच आधार. आणि ही कुटुंबं तर १९४८ पर्यंत दूरदेशी पांगली. त्यांच्या वसाहतीच्या जागी फाळणीत घर गमावलेले सिंधी बांधव आले. तेच आजचं गांधीनगर.

आता दुसरी बाजू पाहू. वळिवड्याच्या बायका ज्या सैन्याकडून येणाऱ्या पत्रांची वाट पाहत होत्या, ते मे १९४४ मध्ये इटलीत माँटे कॅसिनोला लढलं. त्याच इटलीत आपले मराठेही लढत होते. कोकणातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथं धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण थडगं नाही. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

म्हणजे पाहा, आपला माणूस त्यांच्या रणभूमीजवळ आणि त्यांची माणसं आपल्या पंचगंगेकाठच्या गावी. पुढच्या खेपेला कोल्हापूरला गेलात, तर देवीचं दर्शन झाल्यावर घटकाभर त्या थडग्यांपाशी थांबा. नावं उच्चारता आली नाहीत तरी चालेल. आपल्या घाडग्यांच्या नावापाशी तिकडे कुणी तरी असंच थांबावं, असं आपल्यालाही वाटतंच की!